त्रिकोणी काचेची शीळ

ही गोष्ट अजून माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोपुढं नाही, लेकीपुढं नाही. पिणारा असतो तर एखाद्या दिवशी पडली असती, पण तेही व्यसन नाही. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही. म्हणूनच कदाचित तुम्हाला सांगायला जमेल — बघू.

आधी माझ्या कानाचं सांगतो. दौंडात माझं जे काही नाव होतं ते कानामुळं. बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष-दोन वर्षं झाली होती. स्टेशनच्या अलीकडं आप्पांचं गॅरेज होतं, मी तिथं मेकॅनिक. कुरकुरणारी गाडी आली की आप्पा मला पुढं करायचे. मी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचो, मूठ कानामागच्या हाडाला लावायचो, डोळे मिटायचो आणि सांगायचो — टापेट, नाहीतर बेअरिंग, नाहीतर पंप. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. डोळे मिटायची काही गरज नव्हती, हे आता सांगून टाकतो. पण लोकांना ते आवडायचं, आणि मला लोकांचं ते बघत राहणं आवडायचं. ‘नामा कानवाला’ म्हणायचे मला. शिरूरहून गाड्या यायच्या.

आणि मला धड ऐकू येत नव्हतं.

म्हणजे — कसं सांगू? ठार बहिरा नव्हतो. माणूस समोर असला की बोलणं कळायचं. जाड आवाज सगळे यायचे. बारीक आवाज तेवढे गेले होते. लहानपणी कान वाहायचा, त्यात उमेदीची वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये हातोड्यांच्या शेजारी काढलेली. एकदा बायको म्हणाली, रातकिडे किती ओरडतायत हो! मी कान टवकारले, आणि मला काहीच नाही. ती थट्टा करतेय असं मी स्वतःला पटवलं. किती दिवस पटवणार? पण इंजिनाचा आवाज हाडातून येतो, तिथं कानावाचून अडत नाही. म्हणून निभावत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची — मी ती कुणापुढंच उघडली नाही.

आता यासीन. यासीन आमच्याकडं गादीकाम करायचा. सीटा, कापडी टप, खिडक्यांची रबरं, सगळं त्याच्याकडं. त्याचे आजोबा रेल्वेच्या डब्यांतल्या गाद्या शिवायचे, आणि हे तो गिऱ्हाइकाला पहिल्या वाक्यात सांगायचा. बडबड्या, बढाईखोर. दुपारी आधी माझ्या डब्यातलं कालवण संपवायचा, मग स्वतःचा डबा उघडायचा. त्याला एक खोड होती. माझ्याशी काही बोलायचं तर कधी मागून हाक मारणार नाही. खांद्यावर थाप मारणार, वळसा घालून पुढं येणार आणि तोंडासमोर तोंड धरून बोलणार. बाकीचे चिडवायचे, ‘यासीनभाई, मुका घेताय का काय!’ मलाही ते चमत्कारिक वाटायचं. का तसं बोलतो, असं त्याला मी कधी विचारलं नाही.

तर एका चैत्रात शिरूरचे एक डॉक्टर त्यांची स्पोर्ट्स कार घेऊन आले. परदेशी, दोनच माणसांची, कापडी टपाची, पोट जमिनीला टेकल्यासारखी बसकी. परदेशी निघालेल्या कुणाकडून पुण्यात घेतली होती. दौंडात अशी गाडी कुणी पाहिलेली? चहाची टपरी ओस पडली, सगळी माणसं गाडीभोवती. डॉक्टर गमत्या माणूस. म्हणाले, “वेग घेतला की खिडकीपाशी शीळ वाजते. रस्त्यातल्या बाया माझ्याकडं बघतात आणि आमची मंडळी आता गाडीत बसत नाहीत.” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “तुमचा कान फार ऐकलाय.” वारं कुठून शिरतं ते शोधायला चिकटपट्टीचं एक रिळ दवाखान्यातून आणलं होतं, ते देऊन गाडी आमच्याकडं ठेवून गेले.

जाताना यासीनला म्हणाले, ही शीळ घालवा, मग सगळा टप आणि सीटा तुम्हीच नव्या करा. यासीन सीटांच्या कातड्यावरून नुसता हात फिरवत राहिला. असं काम दौंडात कुणाच्या हाती आलं नव्हतं. त्या दिवशी त्यानं माझ्या डब्याला हातही लावला नाही, म्हणजे बघा.

शीळ शोधायची रीत सोपी. एकानं गाडी पळवायची, दुसऱ्यानं काचा वर करून ऐकायचं. एकेका फटीवर चिकटपट्टी लावत जायचं. जिथं पट्टी लावली की शीळ थांबते, तिथलं रबर बदलायचं. यासीन स्टिअरिंगवर, मी शेजारी. पाटसकडच्या सरळ रस्त्यावर त्यानं गाडी सोडली.

ती गाडी मी अजून विसरलो नाही. दोन्ही काचा गच्च बंद, डोक्याला टप लागतोय, बाहेर ऊन आणि आत भट्टी. गुडघे छातीशी. घाम डोळ्यांत उतरत होता. इंजिनाची घरघर येत होती, टायरची येत होती. शीळ? शीळ नव्हतीच. यासीननं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या — ऐकलीस? मी होय अशी मान हलवली. त्यानं विचारलं, कुठं? आता काय करायचं? उतरून पळावं तर गाडी धावतेय, खरं बोलावं तर कानवाला संपला. मी बोट वर केलं आणि खिडकीच्या मागच्या वरच्या कोपऱ्यावर ठेवलं. तो कोपरा का? हाताजवळ होता म्हणून.

त्यानं गाडी थांबवून तिथं पट्टी लावली. पुन्हा पळवली. मी म्हणालो, “गेली.”

“आरं, हाय की अजून,” यासीन म्हणाला. “पुढं हाय. दाराच्या ह्या त्रिकोणी काचेपाशी.”

“तुझ्या डोक्यात हाय.”

तो हसला. मग माझ्याकडं बघत राहिला, आणि हसायचा थांबला. परत येईपर्यंत त्यानं रस्त्यावरची नजर हलवली नाही. मला वाटलं, रागावला.

गॅरेजात येऊन त्यानं मी सांगितलेल्या कोपऱ्याचं रबर बदललं. वर आप्पांना म्हणाला, पुढच्या काचेचंबी बदलतो, शीळ तिथं हाय. आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी नुसतं “नको” म्हटलं नसतं तरी भागलं असतं. यासीननं बदललं असतं, डॉक्टर खूश झाले असते, कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मग शीळ पुढं होती आणि मी मागं ऐकली, हे उघडं पडलं असतं ना? मी म्हणालो, “नको. चांगल्या रबराला हात कशाला लावायचा?” आप्पा यासीनला म्हणाले, “तू कापड शीव. कान त्याचा हाय.”

डॉक्टर गाडी घेऊन गेले आणि पुढच्या आठवड्यात परत आले. गमत्या माणूस, पण त्या दिवशी गंमत नव्हती. लोकांसमोर म्हणाले की नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. शीळ होती तशीच होती. आप्पांचा चेहरा काळवंडला. त्यांनी डॉक्टरांना चहाला टपरीवर नेलं आणि जाताना मला म्हणाले, “बघ, काय झालंय.”

मी गाडीपाशी एकटा उरलो. यासीन आत कात्री शोधत होता. आणि मी — हे सांगताना थांबावंसं वाटतं, पण आता थांबून कुठं जाऊ? — मी तोच लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, त्रिकोणी काचेच्या रबराखाली घातला आणि उचकटलं. सोल्युशननं घट्ट बसलेलं जुनं रबर. सहज निघालं नाही. जोर लावावा लागला.

आप्पा आले तेव्हा मी लोंबतं रबर दाखवलं. म्हणालो, यासीननं माझ्यामागं इथं हात घातला, आणि नीट चिकटवलं नाही. वारं इथून शिरतंय.

यासीन बाहेर आला. त्यानं रबर बघितलं. मग माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर बघितला. “आप्पा, मी पुढं हात लावला न्हाई,” एवढंच म्हणाला. आप्पांनी मला विचारलं, “खरं सांग, ह्यानंच केलंय का?”

सुटायची ती एक जागा होती. मला ती दिसली होती. मी म्हणालो, “मग अजून कोण करणार?”

आप्पांनी त्याला तिथल्या तिथं काढलं. त्यानं आपली कात्री, दाभण, दोऱ्याची रिळं पिशवीत भरली. माझ्याजवळून जाताना क्षणभर थांबला. मी बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होतो. काही बोलला असेल तर मला माहीत नाही.

संध्याकाळी मी त्रिकोणी काचेला नवं रबर बसवलं. शीळ गेली. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली आणि शिरूरभर माझ्या कानाचं कौतुक केलं. मग काय विचारता! दार वाजणारी, काच वाजणारी, फट असलेली प्रत्येक गाडी माझ्याकडं. दर खेपेला मी आत, काचा वर, आणि समोरचा विचारतोय — ऐकलं का? आप्पांचं गॅरेज बंद होईपर्यंत मी त्या पेटीतून बाहेर पडलो नाही. यासीनला मात्र कुठल्याच गॅरेजनं ठेवलं नाही. चिकटवताना लबाडी करतो, ही बातमी त्याच्या आधी पोचलेली असायची. पुढं तो मालधक्क्यावर ताडपत्र्या शिवायचा. ते गाडीचं कातडं त्याच्या हाताला पुन्हा लागलं नाही.

खूप वर्षांनी तो मला दौंडच्या फलाटावर भेटला. मी बाकावर होतो. खांद्यावर थाप पडली. तो वळसा घालून पुढं आला, तोंडासमोर तोंड धरलं आणि ओठ सावकाश हलवत म्हणाला, “नामा, कान कसा हाय आता तुझा?”

त्याला ठाऊक होतं. गाडी यायच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. म्हणून तर तो कधी मागून हाक मारत नव्हता. त्या दिवशी आप्पांपुढं एक वाक्य बोलला असता — ह्याला ऐकूच येत न्हाई — तर तो वाचला असता आणि मी बुडालो असतो. तो बोलला नाही. माझी मूठ त्यानं झाकून ठेवली, मी त्याचं घर उघड्यावर आणल्यावरसुद्धा.

तो उत्तराची वाट बघत उभा होता. फलाटावर गाडी नव्हती, गर्दी नव्हती, गोंगाट नव्हता. मी कानामागं हात नेला, काहीच कळलं नाही अशी मान हलवली आणि उठून फाटकाकडं चालू लागलो.

त्याचा शब्द न् शब्द मला ऐकू आला होता.