उजव्या पंखाजवळचा गोळा

शहागंजात एका कापडदुकानाच्या माडीवर माझ्या थोरल्या दिरांचा टायपिंगचा क्लास होता. सकाळी मुलंमुली शिकायला येत आणि दुपारी मी लोकांचे अर्ज टाइप करून द्यायची. निजामी राजवट संपवणाऱ्या पोलिस ॲक्शनला वीसेक वर्षं होऊन गेली होती, तरी म्हातारी माणसं मजकूर उर्दूतच सांगायची. तो मराठीत करता करता मला एक खोड लागली होती. लोकांचं बोलणं मी परस्पर नीटनेटकं करायची. कुणी रागानं सांगितलं की नरम करायचं, कुणी रडत सांगितलं की कोरडं. त्यात त्यांचं भलंच आहे असं मला वाटे.

एका गुरुवारी दुपारी पन्नाशीचे एक गृहस्थ जिना चढून आले. वाळूजला त्यांची शेती होती. तेव्हा तिथं कारखाने नव्हते, एसटीनं आलं की दोन्ही बाजूंना ज्वारीच दिसायची. त्यांचा उजवा हात थरथरायचा, म्हणून त्यांना पत्र टाइप करून हवं होतं.

"बाई, मी सांगतो तसंच लिवा," ते म्हणाले. "दोस्ताला धाडायचंय."

मला वाटलं, लग्नकार्याचं काही असेल. त्यांनी सुरुवात केली ती महायुद्धातल्या ब्रह्मदेशच्या लढाईपासून. तरुणपणी हैदराबादला शिकत असताना ते विमानदलात भरती झाले होते. त्यांचं विमान दोघांचं. पुढं ते चालवायला, मागं हा दोस्त नकाशा घेऊन वाट सांगायला. एकदा बॉम्ब टाकून परतताना, दिवस मावळत असताना, उजव्या पंखाजवळ एक नारिंगी गोळा दिसला. कलिंगडाएवढा. आवाज नाही, धूर नाही. त्यांनी विमान वळवलं तर तो वळला, वर नेलं तर तोही वर आला. पाचेक मिनिटं असा बरोबर चालला आणि मग एकदम लांब जाऊन दिसेनासा झाला.

तळावर उतरल्यावर प्रत्येक फेरीचा जबाब द्यावा लागे. यांनी पाहिलं ते सांगितलं. अधिकाऱ्यानं मागं बसणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, मला काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी यांना डॉक्टरकडं पाठवलं. डोळे आणि डोकं थकलंय असा शेरा पडला. पुढं लढाई संपेपर्यंत हे कोठारात ब्लँकेटं मोजत बसले.

आता इतक्या वर्षांनी वर्तमानपत्रात, जळगावकडच्या एका शाळेच्या बातमीत, त्यांना त्या दोस्ताचा फोटो दिसला होता. तो हेडमास्तर झाला होता. त्याला त्यांना एवढंच विचारायचं होतं, तुला खरंच दिसलं नव्हतं का?

मी टाइप केलं आणि वाचून दाखवलं. एका वाक्याशी त्यांनी मला थांबवलं.

"'गोळा दिसल्यासारखा वाटला'? हे मी कवा म्हणलो?"

मी गडबडले. म्हटलं, "काका, असं लिहिलं की वाचणाऱ्याला पटतं. नाहीतर हसतील."

ते रागावले नाहीत. बाकावर टेकले आणि म्हणाले, "त्या सायबानं बी हेच सांगितलं होतं. दिसल्यासारखा वाटला असं लिही, कुणी तुला काय म्हणणार नाय. मी म्हणलो, सायब, मला वाटला नाय, दिसला. मग डॉक्टरकडं गेलो."

मला तोंड वर करवेना. मी कागद ओढून काढला, नवा घातला आणि सगळं पत्र पुन्हा केलं. या खेपेला त्यांचा शब्द न् शब्द ठेवला. दुसऱ्यांदा केल्याचे पैसे त्यांनी पुढं केले ते मी घेतले नाहीत.

उत्तरासाठी त्यांनी क्लासचा पत्ता दिला होता. घरात कुणाला यातलं ठाऊक नव्हतं. त्यानंतर दर गुरुवारी बाजार उरकून ते माडीवर यायचे, "काय आलं का?" विचारायचे आणि पाणी पिऊन जायचे. दीड महिन्यानं पत्र आलं. चष्मा घरी राहिला म्हणून त्यांनी मलाच वाचायला सांगितलं.

हेडमास्तरांनी सरळ लिहिलं होतं. "मला दिसला होता. तू लिहितोस तसाच, पण नारिंगी नव्हता, तांबडा होता. माझे वडील अंथरुणाला खिळलेले, दोन बहिणी लग्नाच्या. वेडा ठरवून घरी पाठवतील या भीतीनं मी नाही म्हणालो. त्याची शिक्षा तुला होईल असं तेव्हा डोक्यात आलं नाही. आलं तेव्हा तोंड उघडायचा धीर झाला नाही."

मला वाटलं, आता यांना रडू येईल. त्यांनी फक्त विचारलं, "तांबडा म्हणतो?"

"हो."

"नारिंगीच होता." एवढं बोलून ते उठले आणि पत्र तसंच टेबलावर ठेवून जिना उतरून गेले. पुढचे तीन गुरुवार ते फिरकलेच नाहीत. चौथ्या गुरुवारी आले आणि म्हणाले, "एकच ओळ लिवा. ये म्हणावं."

हेडमास्तर थंडीत आले, फर्दापुरावरून येणाऱ्या एसटीनं. बारीक अंगाचे, टोपी घातलेले. भेट आमच्याच माडीवर झाली, कारण त्यांना दुसरा पत्ता माहीत नव्हता. त्यांनी वाकून दोस्ताच्या पायाला हात लावायला घेतला, तर काकांनी मधेच धरलं.

"मला वाटायचं, माझंच डोकं फिरलंय," काका म्हणाले. "पंचवीस वर्षं, गड्या. आभाळात कायबी चमकलं की मी मान खाली घालायचो."

हेडमास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मी चहा आणायच्या निमित्तानं खाली गेले. परत आले तेव्हा दोघं बाकावर शेजारी बसले होते आणि रंगावरून वाद चालला होता. हेडमास्तर माझ्या टेबलावरच्या शाई खोडायच्या तांबड्या रबराकडं बोट दाखवून म्हणत होते, "अगदी असा." काका नाही म्हणून मान हलवत होते. मी विचारलं, "पण ते होतं तरी काय?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. "कुणास ठाऊक," हेडमास्तर म्हणाले.

ते चार दिवस वाळूजला राहिले. त्यानंतर दोघांमध्ये पत्रं सुरू झाली ती थेट घरच्या पत्त्यावर, त्यामुळं माझ्याकडचं काम संपलं.

काही वर्षांनी एका मासिकात मी वाचलं की त्याच महायुद्धात इतर देशांच्या वैमानिकांनीही असे गोळे पाहिले होते. मी मासिक जपून ठेवलं आणि काका बाजारात भेटले तेव्हा मोठ्या उत्साहानं त्यांना सांगितलं. त्यांनी कांद्याची पिशवी खाली ठेवली, नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "व्हय? मग त्यांच्या मागं बसणारे काय म्हणले?"

ते त्यात दिलेलं नव्हतं. मी तसं सांगितलं. त्यांनी पिशवी उचलली आणि म्हणाले, "शोधा बाई. ते लिवलेलं असंल कुठंतरी." मी नंतर खूप शोधलं.