निलगिरीतला आवाज

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या गनेडा गावात नोएलीनइतकी खडूस बाई दुसरी नाही. शेजारीण म्हणून सांगते, मनानं सोनं आहे; पण तोंड आवरत नाही. नवरा, क्लॅरी, फार घोरायचा. म्हणून तिनं त्याची खाट मागच्या व्हरांड्यात टाकली. थंडीतसुद्धा! तो बिचारा उशी घेऊन हसत जायचा. गेल्या हिवाळ्यात तो तिथेच, झोपेत गेला.

मग तिला कॉम्प्युटरवरच्या त्या खेळाचं वेड लागलं. झाडांना टांगलेल्या यंत्रांनी टिपलेले आवाज ऐकायचे आणि ओळखायचे: कोआला, डुक्कर, बेडूक की माणूस. उत्तर इतरांशी जुळलं की गुण मिळतात, आणि कोआला कुठे उरलेत ते संशोधकांना कळतं. कोआलाचे आवाज तिथे जपून ठेवतात, कधीही ऐकता येतात. माणूस निघाला तर मात्र पुसून टाकतात. कुणाचं खासगी बोलणं राहायला नको. नोएलीन यात भलतीच कडक. मी एकदा बेडकाला डुक्कर म्हटलं तर म्हणाली, "कानात बोळे घातलेस का गं? तू खेळूच नकोस, सगळं वाटोळं करशील."

परवा चहाला गेले तर ही बाई हेडफोन लावून रडतेय. मी घाबरलेच.

"ऐक," ती म्हणाली.

घर्रर्र... आणि मग ढेकरासारखा हुंकार. नर कोआला मादीला हाक मारतो ती अशीच. बाकी सगळ्यांनी कोआलाच म्हटलं होतं.

"कोआला तर आहे," मी म्हटलं.

"डोंबलाचा कोआला! शेवटी ती शिट्टी ऐकलीस? घोरताना अशीच वाजायची. क्लॅरी आहे तो. आमच्या कुंपणाजवळच्या निलगिरीला यंत्र लावलं होतं ना, तो जायच्या आधीच्या उन्हाळ्यात!"

त्याचे फोटो ढीगभर होते, पण आवाज तिच्याकडे कुठेच नव्हता. घोरणं कोण टिपून ठेवतं?

"मग 'माणूस' दाब," मी म्हटलं. "नियम तूच शिकवतेस सगळ्यांना."

"पुसतील गं त्याला."

"पण हे खोटं होईल, नोएलीन."

"होऊ दे मेलं!" म्हणत तिनं नाक पुसलं आणि 'कोआला' दाबलं.

नकाशावर तिच्या घरामागे हिरवा ठिपका उमटला. खाली लिहून आलं: प्रौढ नर, एकटा.

नोएलीन त्याकडे बघत राहिली. "एकटा कसला?" ती म्हणाली. "आतल्या खोलीत मी होते की."