काकांची झोळी

"अबे पोट्ट्या, हात काढ! त्या कडीवरून हात काढ आधी!"

ऑक्टोबरातल्या एका गार दुपारी, मिशिगनच्या सरकारी रानात, अस्सल नागपुरी गळ्यातून ही आरोळी उठली. रानातली झाडून सगळी पाखरं उडाली, चार खारी फांद्यांवरून निसटल्या, आणि तिकडे ॲन आर्बरला बसची वाट बघणाऱ्या एका प्रोफेसरानं ढग गडगडले म्हणून छत्री उघडली, असं माझ्या कानावर आहे. ओरडले ते आमचे झोळीवाले काका. आणि मी छातीवर हात ठेवून सांगतो, झाडावर चढल्यानंतर या माणसाइतका गप्प बसणारा प्राणी देवानं दुसरा घडवलेला नाही.

जमिनीवर मात्र तोंडाला कुलूप ठाऊक नाही. युनिव्हर्सिटीच्या लॅबमधली बिघडलेली यंत्रं ते दुरुस्त करत, आणि दुरुस्त होईपर्यंत त्यांच्याशी बोलत. मी पुण्याहून शिकायला आलो तेव्हा एअरपोर्टवरून मला आणताना तासाभरात त्यांनी संत्री, सासुरवाडी आणि धनुष्यबाण हे तिन्ही विषय संपवले. सरकारी रानात शिकारीला कुणीही यावं, पण झाडाला खिळा ठोकायचा नाही, मचाण बांधायचं नाही. म्हणून ही झोळी. जाड पट्ट्यांचं आसन कमरेखाली घ्यायचं, त्याची दोरी खोडाला अडकवायची, आणि पाय खोडाला टेकून धनुष्य हातात घेऊन तान्ह्या बाळासारखं तासन् तास लोंबकळायचं. काकू म्हणत, "आमच्या घरात पाळणा कधी रिकामा राहिलाच नाही."

हरणाचं नाक तिखट, म्हणून ऑक्टोबर लागला की काकांचे शिकारीचे कपडे गॅरेजमध्ये सुक्या पानांत पुरलेले, स्वयंपाकघरात फोडणी बंद, आणि नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नानसुद्धा बिनवासाच्या साबणानं. लक्ष्मीपूजनाला धुपापासून लांब राहायचं म्हणून त्यांनी बाहेर अंगणात उभं राहून आरती म्हटली. शेजारच्या दोन्ही कुत्र्यांनी साथ धरली. आणि एवढं सगळं कुणासाठी, तर तुटक्या कानाच्या एका नरासाठी. तीन वर्षं त्याची वाट बघणं चाललं होतं. कितीही मानपान करा, येतच नाही, म्हणून त्याला ते जावईबापू म्हणायचे.

त्या वर्षी मी परीक्षेत सपशेल आपटलो आणि खोलीत पांघरूण घेऊन पडून राहिलो. चौथ्या दिवशी काका दारात. "मेला काय बे? ऊठ, झाडावर चल." सबंध रविवार मला त्यांनी परसातल्या मेपलवर चढउतार करायला लावलं. उतरताना आधी खोडाभोवती पट्टा टाकायचा, तो घट्ट करायचा, मगच झोळीच्या दोरीची कडी सोडायची. मी शंभरदा पाठ म्हटलं. आणि खरोखरीच्या रानात, वीस फुटांवर, दोन तास मुंग्या आलेले पाय आणि गाडीत राहिलेले समोसे यांच्यापुढे सगळं विसरलो. पट्टा कमरेलाच लोंबत होता, आणि मी कडी उघडायला हात घातला.

तेव्हा ती आरोळी आली. हात तिथेच थिजला. शेजारच्या झाडाकडे पाहिलं तर काकांचं धनुष्य पूर्ण ताणलेलं, आणि त्यांच्यापासून अठरा पावलांवर एक तुटका कान. पुढच्या क्षणी तिथे झुडपांत बुडणारी पांढरी शेपटी तेवढी उरली. काकांनी ताणलेली दोरी हळूच सैल केली. खाली उतरून माझ्या झाडाशी आले, वर चढले, पट्टा स्वतःच्या हातानं खोडाभोवती टाकला, तीनदा ओढून पाहिला. एक शब्द नाही. जमिनीवर उतरल्यावरही नाही. ही गोष्ट इतिहासात पहिल्यांदा घडत होती.

जावईबापू पुन्हा कधी दिसले नाहीत. पुढच्या प्रत्येक दिवाळीत काकांनी फराळाच्या ताटावर ती कथा रंगवून सांगितली, पण तिच्यात मी कधीच नसे. "अठरा पावलं! अन् नेमकी शिंक आली ना मले," एवढंच म्हणायचे. सगळे हसत, आणि मी चकली मोडत खाली बघत बसायचो. परीक्षा मी पुन्हा दिली, पास झालो. पण ते देणं पुढे कधी फिटलं नाही.

शिकारीच्या त्या संध्याकाळी गाडीतून परतताना मी म्हणालो, "काका, तुम्ही तीन वर्षं… आणि माझ्यापायी…" रडू दिसू नये म्हणून मी खिडकीची काच खाली करून तोंड बाहेर काढलं.

काकांनी रस्त्यावरची नजर हलवली नाही. म्हणाले, "काच वर कर. थंडी येऊन राह्यली."