दुसऱ्याच्या नंबरला हजर

‘तुम्ही’ सासऱ्याला म्हणावं, बँकेतल्या कारकुनाला म्हणावं. आईला कुणी म्हणतं का? आई म्हणजे हक्काची ‘तू’. पण हिची चौदा वर्षांची लेक हिला ‘तुम्ही’ म्हणायची, तेही अशा सुरात की पाहुण्याला वाटावं, आता निघालेलं बरं.

तक्रार करायला हिला तोंड नव्हतं. पूर्वी औषधांच्या दुकानात कामाला होती. कंबर दुखली म्हणून एक गोळी घेतली. मग गोळी घ्यायची म्हणून कंबर दुखू लागली. पुढे दुकानाचं कपाट रिकामं झालं आणि हिची रवानगी तुरुंगात. नऊ वर्षांची लेक ताईकडे, म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीकडे राहिली. साडेतीन वर्षांनी ही सुटली, त्यालाही आता दीड वर्ष झालं. एवढ्या काळात हिने डोकेदुखीचीसुद्धा गोळी घेतली नव्हती. डोकं बिचारं आपलं आपण दुखून थांबायचं.

आता ती इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीत होती. मुकादम गठ्ठ्याचा नंबर पुकारायचा, “बारा!” की ही हातातली चादर टाकून ताठ उभी, “हजर!”

“अगं बाई, गठ्ठ्याला बोलावलंय, तुला नाही!” सगळ्या हसायच्या. तुरुंगातली हजेरी अंगात मुरली होती. लॉन्ड्रीत तिचं नाव ‘हजरबाई’ पडलं, आणि तिला ते आवडायचंही. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी तिला वेळेवर असल्याबद्दल नाव ठेवत होतं.

खोलीवर तिने लेकीसाठी नवी गादी आणून ठेवली होती. मळू नये म्हणून प्लास्टिकसकट. लेक एकदाच आली, दहा मिनिटं त्यावर बसली, चरचर वाजत राहिली, आणि “निघते” म्हणाली. तेव्हापासून गादी तशीच होती.

शाळेत पालकसभा होती आणि ताईचा गुडघा सुजला. ताई म्हणाली, “हिला घेऊन जा.”

लेकीने बराच वेळ विचार केला. “तुम्ही मागच्या बाकावर बसायचं. कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. तिथे कुणाला काही माहीत नाहीये. नीट पार पडलं तर रविवारी तुमच्याकडे राहायचं बघू.”

“हिला गप्प बस म्हणतेस?” ताई हसली. “ही जन्मली तेव्हा सुईणसुद्धा कानात बोटं घालून बसली होती.”

पण ही गप्प बसली. मागच्या बाकावर, ओठ शिवल्यासारखी. लेक शेजारच्या वर्गातून खुर्च्या आणायला गेली. वर्गशिक्षिका नव्याने आलेल्या. त्या वहीत बघून नंबर पुकारत होत्या.

“तेरा!”

कुणी हललं नाही.

“तेरा नंबर!”

पायांनी हिला विचारलंच नाही. “हजर!”

फळ्याखालचे खडू हलले असतील. बाई दचकून म्हणाल्या, “या. बरं झालं आलात. तुमच्या मुलीला गणितात शंभरपैकी अकरा. शिवाय प्रयोगशाळेतल्या सांगाड्याला तिने लिपस्टिक लावली.”

बोलायचं नाही, बोलायचं नाही, असं बजावता बजावता ती बोललीच.

“बाई, रागवायचं तर मला रागवा. मी गोळ्यांच्या नादी लागले, तुरुंगात गेले. तिचा अभ्यास घ्यायच्या वयात मी नव्हते. पोर हुशार आहे. आता मी रोज सहाला सुटते. रोज घेऊन बसेन तिला. सांगाडा मी पुसून देते.”

दारात खुर्ची टेकवल्याचा आवाज आला. लेक केव्हाची उभी होती, दोन्ही हातांत एकेक खुर्ची. संपलं, हिच्या मनात आलं. आता गादीचं प्लास्टिक काही निघत नाही.

लेक सरळ टेबलापाशी आली. “बाई, ही तेरा नंबरची नाही. मी एकतीस. ही माझी आई आहे.”

बाईंनी पान उलटलं. “एकतीस… गणितात ब्याण्णव.”

ही मिळेल त्या खुर्चीवर धपकन बसली.

“मग तेराचे पालक कोण?”

खिडकीपाशी एका गृहस्थांनी ओशाळून हात वर केला. “मीच. पण या इतकं छान ऐकून घेत होत्या, मध्ये पडावंसं वाटेना.”

शाळेबाहेर लेक भराभर चालत होती. “तुला साधा माझा नंबर माहीत नाही?”

“नंबर ऐकला की पाय आपोआप…”

“आणि अकरा मार्क! तुला खरंच ते माझे वाटले?”

“मला वाटलं, माझ्यावर गेलीस.”

लेकीला हसू आलं, ते तिने दाबलं. “सगळ्यांसमोर सगळं सांगून बसलीस.”

“चुकलं गं.”

“उद्या मैत्रिणी विचारणार.” तिने वाटेतला एक खडा लाथेने उडवला. “विचारू देत. सांगेन. तू दुसऱ्याच्या पोरीसाठीसुद्धा किती भांडलीस तेही सांगेन.”

हिने मनातल्या मनात मोजलं. तिसऱ्यांदा ‘तू’. पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. चूक दाखवली तर पोरगी हुशार, लगेच दुरुस्त करायची.

कोपऱ्यावर दोघींचे रस्ते वेगळे होत होते. लेक ताईच्या घराकडे वळली आणि चार पावलांवरून ओरडली,

“रविवारी येते. त्या गादीचं प्लास्टिक काढून ठेव. फार वाजतं.”