आमच्या पिकअपवर साहेबांचा फोटो कशापायी?

गाववाल्यांनो, आज डोकं लई तापलंय.

भंगारात चाललेली पिकअप मी आणि बायको सवितानं अंगणातच वर्षभर खपून उभी केली. वेल्डिंग माझं, पॉलिश पेपरनं गंज घासला तिनं. दुष्काळ बघून मागं टाकी बसवली. वस्तीला फुकट पाणी देतो.

आज सोसायटीच्या बोअरवर टाकी भरली, तर चेअरमन साहेबांच्या माणसानं गाडीला त्यांच्या फोटोचा बॅनर बांधला. 'मोफत पाणीवाटप' म्हणे!

"गंज घासताना कुठं व्हते तुमचे साहेब?" म्हणत सवितानं तो ओढून काढला.

"मग उद्यापासून पाणी न्हाई," तो म्हणाला.

अरे, बोअर सगळ्या सभासदांच्या पैशातून घेतलाय. आमी बी सभासदच हाव. उद्या सकाळी मी टाकी घेऊन तिथंच जाणार. तुमच्यातलं कोण येतंय सोबत?