ट्रॅक्टर आचके द्यायचा तेव्हा

दसरा झाला आणि आमचा छोटा ट्रॅक्टर बिघडला. आमचा म्हणजे आता माझाच. धायरीत घरामागे चिकू-लिंबांची थोडी बाग उरली आहे. तिची माती ढिली करायला ह्यांनी पेट्रोलवरचं धूड आणलं होतं. हे गेल्यावर मीच तो चालवायला शिकले. भोवतालच्या इमारतींतले लोक बाल्कनीतून "काकू, कमाल आहे तुमची" म्हणतात. खाली कुणी उतरत नाही.

सुरू केला की ट्रॅक्टर शहाण्यासारखा चालायचा. थोडा वेळ गेला की आवाज चढायचा, पडायचा, पुन्हा चढायचा, दोन-चार आचके आणि गप्प. जरा विसावा दिला की परत शहाणा.

मुलगा वाघोलीला राहतो. म्हणजे एकाच शहरात, असं म्हणायचं. मधल्या ट्रॅफिकचं नाव घेतलं की न येण्याला दुसरं कारण लागत नाही. रविवारी त्याचा फोन यायचा. "बरी आहेस ना? गोळ्या घेतेस ना?" दोन्हींना हो म्हटलं की फोन संपला. पण तो इंजिनिअर. ट्रॅक्टर बिघडला म्हटल्यावर त्याला चेव आला. रोज संध्याकाळी फोन करायला लागला. "आई, फोन इंजिनाजवळ धर, मला ऐकू दे."

आणि इंजिन बिघडायला वेळ घ्यायचं. तोवर त्याला फोन ठेवता येईना. पहिल्या दिवशी आम्ही दोघं नुसते गप्प. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "आज काय केलंस जेवायला?"

"खिचडी."

"एकटीसाठी रोज खिचडीच करत असशील तू."

मग हळूहळू तोही बोलायला लागला. हल्ली त्याला झोप लागत नाही, हे मला ट्रॅक्टरमुळे कळलं. इतक्यात आवाज डगमगायचा, तो ओरडायचा, "आलं, आलं!" आणि माझं तोंड उतरायचं. आता एक सूचना, आणि फोन बंद.

प्लग पूस. एअर फिल्टर झटक. जुनं पेट्रोल काढून नवं भर. एका दिवशी एकच उपाय. दोन केले तर कशाने गुण आला ते कळत नाही म्हणे. मला तो नियम फार आवडला.

एकदा फोन यायच्या आधीच मी बागेत होते. ट्रॅक्टर बंद पडला म्हणून पेट्रोल बघायला टाकीचं झाकण फिरवलं, तर फस्सकन हवा आत ओढली गेली. झाकण उलटंपालटं करून पाहिलं. त्यात हवा जायला सुईएवढं भोक असतं. ते बुजलं होतं. हवा आत नाही, म्हणून पेट्रोल खाली नाही. बुजलं होतं कुंकवाने.

दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा हे करायचे, मी ताट धरायची. यंदा जाऊबाई म्हणाल्या, "तू नको हात लावू, मुलाला येऊ दे." मुलगा दुपारी येणार होता, मग संध्याकाळी येणार होता, मग आलाच नाही. मला संताप आला. माझ्या कपाळावरचं कुंकू गेलं ते गेलं, ट्रॅक्टरच्या कुंकवाआड कोण येतंय बघू! तेलात दाट कालवलं आणि झाकणाच्या मधोमध चांगलं बोट दाबून लावलं.

सुईने भोक मोकळं केलं. ट्रॅक्टर एका लयीत चालला. मला खदखदून हसू आलं, आणि हे सांगावं कुणाला म्हणून पाहिलं तर बागेत मी एकटी.

तेवढ्यात फोन वाजला. मी काही सांगितलं नाही. फोन इंजिनाजवळ धरला. तो बोलत राहिला, मी ऐकत राहिले. भोक पुन्हा बुजवायचं तर कुंकवाचा करंडा घरातच आहे, हेही मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू?

"आई, आज बंदच पडत नाहीये! काय केलंस?"

सांगितलं. तो खो खो हसला. "झाकणावर कुंकू? लावलं कुणी?"

"मी. तू आला नव्हतास."

त्याचं हसू थांबलं. म्हणाला, "बरं झालं, सुटलीस. आता रोजचा त्रास नाही."

"त्रास नव्हता," मी म्हटलं. असं मी कधी बोलत नाही, पण बोलले. "उद्याही फोन कर. ट्रॅक्टर बरा असला तरी कर. मला एकटीला संध्याकाळ जात नाही रे."

तो अगदी हळू म्हणाला, "रोज नाही गं जमणार, आई."

"बरं," मी म्हटलं, आणि तो फोन ठेवील म्हणून थांबले. बराच वेळ त्याने ठेवला नाही.