भाऊबिजेचा फॅक्स

मुलुंडात माझ्या बायकोच्या मामांइतका घाईचा माणूस झाला नाही आणि पुढे होईल असंही वाटत नाही. चहा कपात ओतेपर्यंत ते थांबतात, हीच त्यांची मेहेरबानी. लग्नात त्यांच्या मुठीत अक्षता शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत टिकत नाहीत. दुसऱ्यालाच नवरानवरीवर पडतात आणि मामा पंगतीत दिसतात. समोरच्याचं अर्धं वाक्य तेच पुरं करतात, आणि चुकलं तर "मग तसं बोलायचं ना," असं त्यालाच सुनावतात. मामी सांगतात, "आमच्या लग्नात अंतरपाट खाली यायच्या आत यांनी हार घातला. भटजींना."

अशा माणसाच्या घरी अजून फॅक्स आहे, तो त्यांच्या कुडाळच्या थोरल्या बहिणीमुळे. ताईंना फोनवर ऐकू येत नाही, मोबाइलवरचं अक्षर लागत नाही आणि गुडघ्यांमुळे मुंबई केव्हाच सुटली. यजमानांच्या काजूच्या दुकानातलं जुनं फॅक्स मशीन मात्र त्यांनी देव्हाऱ्याशेजारी जपून ठेवलंय. भाऊबिजेला त्या कागदावर ताट, निरांजन, सुपारी असं सगळं काढतात, खरं कुंकू लावतात आणि भावाचं औक्षण फॅक्सने करतात. कुंकू इकडे काळं उमटतं. मामा त्यावर कपाळ टेकतात.

यंदा मामांचं मशीन बंद पडलं, म्हणून त्यांनी कॉम्प्युटरला नवंकोरं फॅक्स मोडेम जोडलं. "आता पान चुटकीसरशी येतं की नाही बघा, जावईबापू." आम्ही फराळाला बसलो होतो. फोन वाजायचा, मोडेम शिट्टी मारायचं आणि लाइन कट व्हायची. परत तेच. दुपार कलली तेव्हा ताईंच्या शेजारणीचा फोन आला. "ताई सकाळपासून जेवूक नाय हत. भावाक ओवाळल्याशिवाय जेवचंय नाय म्हणतत."

मामांचा चेहरा उतरला. दोन मशीनं आधी शिट्ट्या मारून वेग ठरवतात आणि त्यात नव्याने जुन्याच्या वेगाला यायचं असतं. मामांनी घाईघाईत सर्वांत वरचाच वेग पक्का करून टाकला होता. ताईंचं मशीन बिचारं दर वेळी गांगरून फोन ठेवत होतं.

"बघत काय बसलात? उतरवा की खाली," मामी म्हणाल्या.

"एकदम तळाला नेतो. तिला धावायला नको."

पुन्हा फोन वाजला. शिट्ट्या बराच वेळ चालल्या, पण या वेळी जमलं. मग गोगलगायीच्या चालीने पान येऊ लागलं आणि मामा प्रिंटरपाशी उभे राहिले. कागद गरम होता. त्यांनी कपाळ टेकलं ते लवकर उचललंच नाही. मग मोठ्या अक्षरांत "पावलं. आता जेव," असं लिहून त्यांनी पाठवलं आणि उत्तर येईपर्यंत चकलीला हात लावला नाही.

उत्तर आलं: "जेवतंय. तू पण जेव रे."

मला त्या क्षणी मामांविषयी फार माया वाटली. त्यांनी चष्मा पुसला, ताट पुढे ओढलं.

"टेलिफोनवाले तिच्याकडची जुनी तारेची लाइन काढणार म्हणतायत," ते म्हणाले. "काढेपर्यंत हाच वेग ठेवणार."